नवव्या पिंजऱ्यातल्या सशाची अँटीबॉडी

माझ्या थोरल्या जाऊबाई शिकल्या दहावीपर्यंत. पण त्या ज्या संशोधन संस्थेत नोकरी करतात, तिथले नावाआधी डॉक्टर लावणारे लोक प्रयोग फसला की आधी त्यांच्याकडे येतात आणि मग आपल्या वरिष्ठांकडे जातात. त्यांनी स्वतः हे मला कधी सांगितलं नाही. एकदा त्या डबा घरी विसरल्या म्हणून मी द्यायला गेले, तर जिन्यातच एक दाढीवाला गृहस्थ हातात ओला कागद धरून त्यांची वाट बघत होता. आजारी माणसाचे रिपोर्ट घेऊन डॉक्टरच्या दारात उभं राहावं, तसा.

सत्तावीस वर्षांपूर्वी त्या तिथे लागल्या, त्या पिंजरे धुवायला. तिथली एक प्रयोगशाळा चालवणारे सरही तेव्हा नुकतेच रुजू झाले होते. त्यांना एका सशाच्या कानातून रक्त काढायचं होतं आणि ससा काही केल्या हाती लागत नव्हता. जाऊबाईंनी त्याला उचललं, त्याचं तोंड आपल्या कोपराच्या घडीत लपवलं, पाठीवरून दोनदा हात फिरवला. ससा गप्प झाला. सर म्हणाले, "बाई, उद्यापासून तुम्ही वर माझ्याकडे या."

तो ससा नवव्या पिंजऱ्यातला होता. पांढरा, एक कान अर्धवट वाकलेला. त्याच्या रक्तातून निघालेल्या अँटीबॉडीवर सरांची पुढची सगळी कारकीर्द उभी राहिली.

अँटीबॉडी म्हणजे काय, ते जाऊबाईंनी मला भाजी निवडता निवडता समजावलं होतं. पेशीच्या बाहेर काही घडलं की त्याची खबर आत पोचवणारं एक प्रथिन असतं. त्याला अक्षरं आणि आकडे मिळून एक लांबलचक नाव आहे, पण जाऊबाई त्याला निरोप्या म्हणत आणि हळूहळू सगळी प्रयोगशाळाच तसं म्हणायला लागली. या निरोप्याच्या डोक्यात बिघाड झाला, म्हणजे गरज नसताना तो "वाढा, वाढा" असा निरोप देत सुटला, की पेशी वेड्यासारख्या वाढतात. म्हणून सरांना तो कुठे आहे, किती आहे, हे बघायचं होतं. पण तो डोळ्यांना दिसत नाही. मग त्याचा एक छोटा तुकडा सशाला टोचायचा. सशाचं शरीर म्हणतं, हा कोण परका, आणि त्याला पकडायला अँटीबॉडी तयार करतं. ती रक्तातून वेगळी काढायची आणि आपण वापरायची.

"म्हणजे पोलिसांचं कुत्रं गं," जाऊबाई म्हणाल्या. "एकदा रुमाल हुंगायला दिला की हजार माणसांतून त्यालाच धरतं."

त्यांचं रोजचं काम होतं ब्लॉट करणं. पेशी फोडून त्यांतली प्रथिनं काढायची, जेलच्या चिकट पाटावरच्या घरांत ती ओतायची, एका नळीला एक घर, आणि वीज सोडून आकाराप्रमाणे पळवायची, मग कागदासारख्या पातळ पडद्यावर उतरवायची आणि तो पडदा अँटीबॉडीत भिजत ठेवायचा. जिथे निरोप्या असेल तिथे ती चिकटते आणि काळी पट्टी उमटते. जाऊबाईंच्या पट्ट्या सरळ येत, कडा धारदार, मागची जमीन स्वच्छ. सरांच्या नऊ शोधनिबंधांत छापलेल्या पट्ट्या बहुतेक त्यांच्याच हातच्या. निबंधावर त्यांचं नाव कुठेच नव्हतं आणि त्यांना त्याचं काही वाटतही नव्हतं.

भावोजी चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. ते म्हणायचे, "ही पट्ट्या बघते, मी नंबर बघतो. आमच्या घरात अंदाजपंचे काही चालत नाही."

गेल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावर एक नव्या मॅडम आल्या. पस्तिशीच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी एक नवीन तंत्र वापरून पेशींमधून निरोप्याचं मूळच, म्हणजे त्याचं जनुकच, कापून टाकलं होतं. त्या पेशींत निरोप्या औषधालाही सापडायला नको. एके दिवशी त्या दोन नळ्या घेऊन खाली आल्या.

"ताई, ही नेहमीच्या पेशींची आणि ही निरोप्या नसलेल्यांची. तुमच्या अँटीबॉडीने एकदा बघून द्याल? दुसऱ्या घरात काही दिसणार नाही, पण नुसती खात्री केलेली बरी."

जाऊबाई म्हणाल्या, "उद्या सकाळी देते."

सकाळी पडदा यंत्रात ठेवून त्यांनी पडद्याचं चित्र उघडलं. पहिल्या घरात पट्टी होती. दुसऱ्या घरातही पट्टी होती. तेवढीच जाड, तेवढीच काळी.

त्या मला म्हणाल्या, "घरातून गेलेल्या माणसाने समोरून येऊन दार उघडावं, तसं झालं."

आधी त्यांना वाटलं, आपलीच चूक. दोन्ही घरांत एकच नळी ओतली असणार. सत्तावीस वर्षांत असं झालं नव्हतं, पण वय झालंय, होऊ शकतं. कुणाला न सांगता त्यांनी दुपारी पुन्हा केलं. या वेळी एकेक थेंब टाकताना तोंडाने मोजत होत्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन्ही घरांत पट्टी.

तेव्हा त्या तिसऱ्या मजल्यावर गेल्या आणि मॅडमना म्हणाल्या, "मला सहा नळ्या द्या. कुठलीत काय आहे ते मला सांगू नका. नंबर घाला आणि चिठ्ठी तुमच्या खिशात ठेवा."

मॅडमनी तसं केलं. सहा घरांत सहा पट्ट्या आल्या. जाऊबाईंनी त्या चित्रासमोर उभं राहून मॅडमना बोलावलं. मॅडमनी खिशातून चिठ्ठी काढली, चित्र बघितलं, चिठ्ठी बघितली आणि पुन्हा चित्र बघितलं. सहातल्या तीन नळ्यांत निरोप्या नव्हताच.

"तुमच्या पेशींत तो उरला नसेल ना थोडाफार?" जाऊबाईंनी विचारलं. ही त्यांची शेवटची आशा होती.

"नाही ताई. मी जनुक वाचून बघितलं आहे. आणि बाहेरून आणलेली दुसरी अँटीबॉडी लावून पण बघितलं. त्या तीन नळ्यांत काहीच येत नाही." मग त्या हलकेच म्हणाल्या, "बसा जरा."

"उभी आहे तीच बरी आहे," जाऊबाई म्हणाल्या. "बसले तर उठवणार नाही."

इतकी वर्षं जे निरोप्या म्हणून दाखवलं, छापलं, वाखाणलं, तो निरोप्या नव्हता. दुसरंच कुणीतरी होतं.

त्या संध्याकाळी मी घरी आले तर जाऊबाई आमच्या दोन मजल्यांमधल्या जिन्याच्या पायरीवर बसलेल्या. पायांत बाहेरच्या चपला, पर्स मांडीवर. मला वाटलं कुणी गेलं की काय. मी शेजारी बसले. त्या म्हणाल्या, "धाकटे, मी एका मुलीला घालवलं गं."

मला काही उमगेना. मग त्यांनी सांगितलं.

अकरा वर्षांपूर्वी सरांकडे एक मुलगी डॉक्टरेट करत होती. केसांचा अंबाडा घालून त्यात पेन्सिल खोचायची, म्हणून तिला सगळे पेन्सिलच म्हणत. तेव्हा जनुक कापायची सोय त्यांच्याकडे नव्हती. तिने दुसऱ्या एका उपायाने पेशींतला निरोप्या दाबून टाकला, जवळजवळ नाहीसा केला. पट्टी फिकी पडायला हवी होती, ती पडली नाही. तिने चार वेळा केलं. पट्ट्यांचं चित्र तेव्हा एक्स-रेसारख्या फिल्मवर घेत. मग त्या चारही फिल्म घेऊन ती सरांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "सर, ही अँटीबॉडी निरोप्याला पकडत नसावी. दुसरंच काहीतरी पकडतेय."

सरांनी जाऊबाईंना बोलावून घेतलं. "बाई, तुम्हीच सांगा."

जाऊबाईंनी एक फिल्म उजेडात धरली. पट्ट्या थोड्या वाकड्या होत्या. त्या म्हणाल्या, "अँटीबॉडी कशी चुकेल सर? हिचा हात अजून बसलेला नाही. नळ्यांची अदलाबदल झाली असेल."

"मी एकदा करून बघायला हवं होतं," जिन्यात बसून त्या सांगत होत्या. "तीन दिवसांचं काम. नाही केलं. तो माझा ससा होता ना. माझ्या कुशीत तोंड खुपसून बसायचा. त्याची अँटीबॉडी चुकेल हे माझ्या डोक्यातच शिरलं नाही. मी बोलून मोकळी झाले. तिने सरांकडे नाही बघितलं गं. माझ्याकडे बघितलं. पाच महिन्यांनी सोडून गेली."

दुसऱ्या दिवशी त्या सरांकडे गेल्या. सरांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. त्यांनी तिन्ही ब्लॉटची चित्रं टेबलावर मांडली आणि कुठल्या घरात काय आहे ते सांगितलं. सरांनी चष्मा लावून बघितलं, मग चष्मा काढून बघितलं.

"नळ्या?" त्यांनी एवढंच विचारलं.

"नंबर मॅडमनी घातले होते. चिठ्ठी त्यांच्या खिशात होती."

सर खिडकीकडे बघत राहिले. खाली पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी मागे घेत होतं, त्याची टीट टीट ऐकू येत होती. ती थांबली तेव्हा सर म्हणाले, "हे अजून कुणी बघितलंय?"

"मी बघितलंय," जाऊबाई म्हणाल्या.

सरांनी मान हलवली. मग उठून लोखंडी कपाट उघडलं, तळातला एक फाइलींचा गठ्ठा बाहेर काढला आणि त्यातलं एक पिवळं पाकीट टेबलावर ठेवलं. आत चार फिल्म होत्या. वाकड्या पट्ट्यांच्या, कोपऱ्यात पेन्सिलीने तारखा घातलेल्या.

जाऊबाई सांगतात, ब्लॉट बघून बसला त्याहून मोठा धक्का त्यांना या पाकिटाने दिला.

"तुम्ही ठेवल्यात?"

"फेकवल्या नाहीत," सर म्हणाले. "आणि पुन्हा बघवल्याही नाहीत. तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. पण तुम्ही म्हणालात हात बसलेला नाही, आणि मला हायसं वाटलं."

"सर, मी दहावी शिकलेली. माझ्या एका शब्दावर तुम्ही विश्वास ठेवलात?"

"मला ठेवायचा होता," सर म्हणाले. "म्हणून ठेवला."

हे सांगताना जाऊबाईंचा आवाज चढला नाही, पण हातातला चहाचा कप त्यांनी इतका जोरात ठेवला की बशीला तडा गेला. इतकी वर्षं त्या समजत होत्या, सरांनी आपल्या हाताला मान दिला. खरं तर सरांना एक आडोसा हवा होता आणि तो त्यांच्या पदरात सापडला.

"आता काय करायचं तुमच्या मनात आहे?" मी विचारलं.

"तिला शोधायचं."

पेन्सिल सापडायला फार वेळ लागला नाही. संस्थेतल्या जुन्या लोकांपैकी कुणालातरी ठाऊक होतं की ती शहराच्या पाणीपुरवठा खात्यात आहे, नळाचं पाणी तपासते. एकटीने जायचं जाऊबाईंना धाडस होईना. मी शाळेच्या कचेरीत अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बरोबर गेले.

पाण्याच्या टाक्यांमागे एक बसकी इमारत होती. आत लांबट खोली, भिंतीला फरशीचे ओटे, त्यांवर गावभरच्या नळांच्या बाटल्या, प्रत्येकीच्या गळ्यात चिठ्ठी. कोपऱ्यातल्या टेबलाशी एक चष्मेवाली बाई वहीत लिहीत होती. केस आखूड कापलेले. मी ओळखलं नसतं, पण जाऊबाई दारातच थबकल्या.

तिने वर बघितलं. "ताई?" ती उठून उभी राहिली. "तुम्ही इथे कशा?"

जाऊबाईंनी वाटेत चार वाक्यं पाठ केली होती. त्यांतलं एकही त्यांना आठवलं नाही. त्यांनी पर्समधून सहा घरांचं चित्र काढून तिच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "दोन, तीन आणि सहा. या तीन घरांत निरोप्या नाही. मुळापासून काढलेला आहे."

तिने चित्र खिडकीपाशी नेलं. आमच्याकडे तिची पाठ होती. खोलीत कुठल्यातरी यंत्राची घरघर चालू होती.

"हे कुणी केलं?" तिने न वळता विचारलं.

"मी. तीनदा."

"तुम्ही केलंत." ती वळली. मला वाटलं होतं ती रडेल किंवा चिडेल. यांतलं काही नव्हतं. रस्त्यावर गाडीखाली येता येता वाचलेल्या माणसाचा चेहरा असतो ना, समजूनही न समजल्यासारखा, तसा तिचा होता.

"म्हणजे मी नळ्या बदलल्या नव्हत्या," ती म्हणाली.

"नव्हत्या."

"पण मी मान्य केलं होतं ताई. शेवटी शेवटी मला आठवायलासुद्धा लागलं होतं, मी नळ्या बदलताना. कुठल्या दिवशी, कुठल्या रॅकवर. आईला सांगितलं, माझे हात या कामाचे नाहीत." तिने ओट्यावरच्या बाटल्यांकडे बोट केलं. "मी इथे प्रत्येक पाणी तीनदा तपासते. बाकीचे एकदा करतात. मला हसतात. नऊ वर्षं झाली. मला माझ्या हातांचा भरवसाच नाही."

जाऊबाई भिंतीला टेकल्या. बोलून मोकळं झालेलं एक वाक्य कुठवर पोचतं, ते त्यांच्यासमोर बाटल्यांच्या रांगेत मांडलेलं होतं. त्या म्हणाल्या, "मी न करताच सांगितलं होतं. ते माझं चुकलं. सरांकडे तुझ्या फिल्म अजून आहेत. मी ते सांगायला आले."

"सरांना शंका होती?"

"होती."

तिने आमच्यासाठी दोन स्टुलं पुढे ओढली, पण चहा विचारला नाही. नंतर एकदम म्हणाली, "मग ती अँटीबॉडी पकडत काय होती?"

जाऊबाईंना हे अपेक्षित नव्हतं. "अजून कळलेलं नाही. मॅडम शोधतायत."

"कळलं की मला सांगा," पेन्सिल म्हणाली. "आणि माझ्या फिल्म मला हव्यात. चारही."

परत येताना बसमध्ये मी जाऊबाईंना विचारलं, "तिने माफ केलं असेल का हो?"

"मी विचारलं नाही," त्या म्हणाल्या.

पुढचे दोन महिने संस्थेत सुतक असावं तसे गेले. सरांनी दार लावून नऊच्या नऊ निबंध पुन्हा वाचायला घेतले. तीन निबंध पूर्णपणे त्या पट्टीवर उभे होते, ते त्यांनी मासिकांना स्वतः पत्रं लिहून मागे घेतले. दोनांत दुरुस्ती छापली. चारांना धक्का लागला नाही. त्यांना लोकांनी सांगून बघितलं, चार महिन्यांचा प्रश्न आहे, निवृत्त व्हा, नंतरचे नंतर बघतील. त्यांनी ऐकलं नाही. हे श्रेय जाऊबाईही त्यांना देतात, पण पूर्वीसारखं तोंड भरून नाही. निरोपसमारंभ नको म्हणून त्यांनी कळवलं आणि शेवटच्या दिवशी दोन खोकी घेऊन जिन्याने उतरून गेले. जाताना जाऊबाईंच्या टेबलाशी थांबले. "बाई, येतो," म्हणाले. जाऊबाई म्हणाल्या, "या." एवढंच. पेन्सिलला त्यांनी मोठं पत्र लिहिलं होतं. तिने त्याला उत्तर पाठवलं नाही. फिल्म मात्र तिने स्वतः येऊन सही करून नेल्या.

अँटीबॉडी पकडत काय होती, ते मॅडमना पावसाळ्यानंतर सापडलं. निरोप्याचा एक भाऊबंद. तो वेगळंच काम करतो, पण आकार जवळजवळ तेवढाच, आणि नेमका सशाला टोचलेला तो छोटा तुकडा त्याच्याही अंगात आहे. कुत्र्याने इमानाने हुंगलं होतं, पण रुमाल दोघांचा होता. त्यातून त्याला हा भाऊबंदच जास्त आवडला. आणि तुकडा दोघांचा असल्यामुळेच पूर्वी सरांनी जी परीक्षा घेतली होती, अँटीबॉडीत तो तुकडा मिसळला की ती त्यालाच धरून बसते आणि पट्टी नाहीशी होते का, तीत ही अँटीबॉडी पास झाली होती.

जाऊबाईंनी पेन्सिलला फोन करून हे सांगितलं. पंधरा मिनिटं दोघी बोलत होत्या. कुठला आकार, कुठल्या पेशी, किती वेळ भिजवलं. मॅडमनी या सगळ्यावर निबंध लिहायला घेतला आणि पेन्सिलच्या चार फिल्म त्यात छापायची परवानगी मागितली. तिने एक अट घातली, आहेत तशा छापा, पट्ट्या सरळ करू नका. निबंधावर तिचं नाव दुसऱ्या क्रमांकावर आहे. चौथ्यावर जाऊबाईंचं आहे. जाऊबाई ते काढा म्हणून मॅडमच्या मागे लागल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, "सहा नळ्या कुणी केल्या? मग नाव राहील."

पेन्सिल संशोधनाकडे परत आली नाही. जाऊबाईंनी एकदा आडून विचारलं, तर म्हणाली, "ताई, शहराला पाणी लागतं."

सर गेल्यावर प्रश्न आला तो फ्रीजरमधल्या साठ्याचा. नवव्या पिंजऱ्यातल्या सशाच्या अँटीबॉडीच्या एकशे चाळीस छोट्या नळ्या शिल्लक होत्या. एक जण म्हणाला टाकून द्या. मॅडम म्हणाल्या, टाकायचं काय कारण, भाऊबंदाला पकडणारी इतकी चांगली अँटीबॉडी दुसरी कुणाकडे नाही. फक्त नाव बदला.

ते काम जाऊबाईंनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. नळ्या बर्फात ठेवून, एकेक बाहेर काढून, आपल्याच अक्षरातली जुनी चिठ्ठी नखाने खरवडायची आणि नवीन नाव लिहून चिकटवायचं. दुसऱ्या दिवशी त्यांची बोटं इतकी बधिर झाली की घरी भावोजींनी त्यांना गरम पाण्याचं भांडं पुढे करून दिलं आणि त्या हात बुडवून बसल्या.

"किती राहिल्या?" भावोजींनी विचारलं.

"बेचाळीस," त्या म्हणाल्या. "उद्या होतील."